झाडांमधला झुला, म्हणजेच हॅमॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंब्या-फणसाची दोन झाडं असली की प्रत्येकाला तिथे झुला टांगावासा वाटतो. मग प्रश्न सुरू होतात. वर्षभर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल, तर निदान प्रश्न ४, ७ आणि १४ वाचूनच झुला बांधा.

१. हॅमॉक म्हणजे नेमकं काय? आपल्या झोपाळ्याहून आणि झोळीहून तो वेगळा कसा?

दोन आधारांमध्ये सैल टांगलेलं, माणूस आडवा मावेल एवढं विणलेलं जाळं किंवा कापड म्हणजे हॅमॉक. ओटीवरचा झोपाळा वरच्या तुळईला कड्यांनी लटकतो. त्याचा भार सरळ खाली जातो आणि बसायला कडक फळी असते. हॅमॉकचा भार दोन्ही बाजूंना तिरका जातो, म्हणजे तो झाडांना एकमेकांकडे ओढतो. पुढचे बरेचसे नियम या एका फरकातून निघतात.

जुन्या लुगड्याची किंवा धोतराची झोळी मात्र त्याच्या बरीच जवळची आहे. उसाच्या फडाशेजारी बाभळीला बांधलेल्या झोळीत बाळ झोपवून आई कामाला लागते, हे दृश्य आपल्याकडे आजही दिसतं. लहान मुलांबद्दल प्रश्न १४ पाहा.

२. हा प्रकार मुळात कुठला? जहाजांवरून आला असं ऐकलंय.

जहाजांवर तो नंतर गेला. मूळ घर कॅरिबियन बेटं आणि मध्य-दक्षिण अमेरिका. ऑक्टोबर १४९२ मध्ये कोलंबस बहामा बेटांवर उतरला, तेव्हा तिथले लोक सुती जाळ्यांच्या अंथरुणात झोपतात अशी नोंद त्याच्या रोजनिशीत झाली. दमट हवेत जमिनीपासून वर झोपलं की ओल, साप, विंचू, किडे यांपासून सुटका होते आणि अंगाला खालूनही वारा लागतो. ज्यांनी हे शोधलं त्यांना त्या हवेत राहायचं होतं, आणि त्यांची गरज आपल्या कोकणातल्या माणसाला चटकन कळेल.

युरोपीय नौदलांनी ही कल्पना उचलली. ब्रिटिश युद्धनौकांवर एका खलाशाच्या वाट्याला झुला टांगायला जेमतेम १४ इंच रुंदीची जागा येई. सकाळी झुले गुंडाळून जहाजाच्या कठड्याच्या जाळीत रचून ठेवत. लढाईत तोच बंदुकीच्या गोळ्यांपासून आडोसा होई.

आजही मेक्सिकोच्या युकातान भागात घरांच्या भिंतींतच झुल्याचे हूक बसवलेले असतात. मेरिदा शहराजवळचं तिश्कोकोब हे गाव झुले विणण्यासाठी ओळखलं जातं. ईशान्य ब्राझीलमध्ये जाड सुती कापडाचा, कडेला विणलेल्या झालरी असलेला झुला घरोघरी असतो. अॅमेझॉन नदीवरच्या प्रवासी बोटींत लोक आपापला झुला घेऊन चढतात आणि डेकवर ओळीने टांगून दिवसचे दिवस प्रवास करतात. कोलंबियात सान हासिंतो, निकाराग्वात मसाया ही विणकरांची गावं. तिथे झुला हे रोजचं अंथरूण आहे. सुट्टीतली चैन ही त्याची ओळख इतरांनी करून दिली, आणि ती बाजूला ठेवली की तो कसा वापरायचा हे नीट समजतं.

३. दुकानात जाळीचा, कापडाचा, दांडीवाला आणि पॅराशूटच्या कापडाचा असे झुले दिसतात. कोणता घेऊ?

युकातानी जाळी: दोन उभ्या खांबांच्या चौकटीवर बारीक धागा गुंडाळत विणतात. जाळी अनेक पदरी आणि ताणली जाणारी असते, त्यामुळे अंगाचा प्रत्येक भाग वेगळा पेलला जातो. उकाड्यात याच्याइतका सुखाचा दुसरा नाही. धागा जितका बारीक आणि जास्त, तितका झुला चांगला. जाड दोरीची मोठ्या भोकांची जाळी दिसते त्याच्यासारखीच, पण अंगावर वळ उमटवते.

ब्राझिली कापडी: भरीव विणीचा, अधिक ऊबदार, बटणं आणि दागिने न अडकवणारा. घाटमाथ्यावर किंवा थंडीत हा बरा.

दांडीवाला: दोन्ही टोकांना लाकडी दांडी असल्यामुळे सपाट दिसतो. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातल्या पॉलीज आयलंडचा दोरीचा झुला याच जातीचा. नदीवरच्या बोटीचा कप्तान जोशुआ वॉर्ड याने १८८९ च्या सुमारास तो तयार केला असं सांगतात. छायाचित्रात सर्वांत देखणा हाच असतो. पण दांडीमुळे तो ताणून बांधावा लागतो, माणूस वर तोलून राहतो आणि जरा कडेला सरकलं की उलटतो. घरात मुलं किंवा वयस्कर माणसं असतील, तर आमचं मत स्पष्ट आहे: दांडीवाला घेऊ नका.

पॅराशूट नायलॉन: अर्धा किलोच्या आसपास वजन, मुठीत मावणारा, लवकर वाळणारा. डोंगर भटकणाऱ्यांसाठी. घरी कायम टांगायचा असेल तर सुती घ्या. नायलॉन अंगाला चिकटतं आणि उन्हाने कमजोर होतं.

कोणताही घेतलात तरी लांबी तपासा. नुसत्या कापडाची किंवा जाळीची लांबी, टोकाचे दोर सोडून, साधारण १० ते ११ फूट हवी. आखूड झुल्यात नीट झोपताच येत नाही. कारण प्रश्न १० मध्ये आहे.

४. कोणत्या झाडांना बांधावा आणि कोणत्या नाही?

आधी झाड पाहा, मग जात विचारा. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर निदान दोन फूट हवा. झाड जिवंत, सरळ आणि मुळांशी घट्ट हवं. खोडाला भोकं असतील आणि बुंध्याशी भुसा पडलेला असेल तर आत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी आहे. असा आंबा बाहेरून हिरवागार दिसतो आणि आतून पोकळ असतो. खोडावर फळीसारख्या अळंब्या आल्या असतील, जमीन एका बाजूला फुगून भेगाळली असेल, तर ते झाड सोडा. नंतर मान वर करा. अडकून राहिलेली सुकी फांदी डोक्यावर असेल तर तिथे झोपायचं नाही.

जातींबद्दल सांगायचं तर जुना आंबा, चिंच, साग आणि ऐन ही भरवशाची झाडं. फणसही मजबूत, पण फळांच्या दिवसांत त्याच्याखाली डोकं ठेवू नका. वड चालतो, मात्र खोडालाच बांधा, पारंबीला नाही. जांभळाचं खोड ठीक, फांद्या ठिसूळ.

गुलमोहर, शेवगा, पपई, सिल्व्हर ओक टाळा. गुलमोहराच्या फांद्या आणि कित्येकदा अख्खं झाड पहिल्या वादळी पावसातच आडवं होतं. निलगिरी कसलीही सूचना न देता फांदी टाकते. काटेसावर आणि पांगारा यांच्या खोडावर काटे असतात. बिब्ब्याच्या झाडाजवळ तर जाऊच नका, त्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात. रानात झाड निवडताना वर चढलेल्या खाजकुइलीच्या वेलीकडेही लक्ष ठेवा. हिवाळ्यात शेंगा सुकल्या की त्यांची लव वाऱ्यावर उडते आणि अंगाची आग होते.

५. समुद्रकिनारी दोन नारळांमध्ये झुला, असं चित्र सगळीकडे असतं. मग आमच्या नारळांना बांधला तर काय बिघडलं?

दोन गोष्टी. पहिली म्हणजे वरून पडणारा नारळ आणि वाळलेली झावळी. झुल्यात आडवा पडलेला माणूस चटकन बाजूला होऊ शकत नाही. चित्रातल्या माडांवरचे नारळ बहुधा आधी उतरवलेले असतात. तुमच्या माडांवर पाडप, म्हणजे नारळ उतरवणं, नुकतंच झालं असेल आणि सुक्या झावळ्या काढल्या असतील, तर थोडे दिवस धोका कमी.

दुसरी गोष्ट माडाची. आंब्याच्या खोडाला जखम झाली तर कडेने नवी साल येऊन ती हळूहळू झाकली जाते. माडाच्या खोडात साल आणि लाकूड वाढवणारा तो जिवंत थर नसतो. एकदा पडलेली खाच जन्मभर तशीच राहते, आणि अशा जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येऊन अंडी घालतो. त्याच्या अळ्या आतून माड पोखरतात. त्यामुळे बांधायचाच तर रुंद पट्ट्याने, खाली गोणपाटाची दुहेरी घडी घालून, आणि उठल्यावर सोडून ठेवायचा. पोफळीला मात्र कधीच नाही. तिचं खोड बारीक आणि लवचिक, आणि माणसाच्या वजनाने ती वाकते.

६. झाडाला दोर बांधल्याने खरंच इजा होते का? त्यापेक्षा एकदाच मोठा हूक ठोकला तर?

झाडाचं अन्न सालीच्या आतल्या पातळ थरातून खाली मुळांकडे जातं. बारीक दोरीवर रोज साठ-सत्तर किलोंची ओढ आली की ती साल कापत आत जाते. वर्षानुवर्षं बांधून ठेवलेला फास तर खोड जाडजूड होत जातं तसा त्यात रुततो आणि झाडाचा गळा आवळतो. म्हणून पट्टा निदान एक इंच, शक्यतो दोन इंच रुंद हवा, आणि वापर झाला की काढून ठेवायला हवा. दर वेळी उंची बोटभर वर-खाली केली तर आणखी चांगलं.

एकच जाड हूक नीट बसवणं झाडाला खिळ्यांच्या गर्दीपेक्षा कमी त्रासाचं असतं हे खरं. पण स्वतःच्या परसातही आम्ही ते सुचवत नाही, कारण पट्टा तेच काम काहीही न भोसकता करतो. सार्वजनिक झाडाला तर हात लावू नका. महाराष्ट्राच्या शहरी भागांसाठी १९७५ पासून झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि झाड तोडण्याच्या त्यातल्या व्याख्येत झाडाला इजा करणंही येतं.

७. जितका घट्ट ताणून बांधू तितकी पाठ सरळ राहील ना?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे आणि अपघातही याच्यामुळे होतात.

दोर आडव्या रेषेशी किती कोन करतो त्यावर त्याच्यावरची ओढ ठरते. माणूस ७० किलोंचा धरू. दोर ३० अंशांत उतरत असेल तर प्रत्येक टोकावर साधारण ७० किलोंची ओढ येते. कोन १० अंशांवर आणला की तीच ओढ २०० किलोंवर जाते, आणि ५ अंशांवर ४०० किलोंवर. माणूस तोच, झाडं तीच. नुसतं ताणल्यामुळे दोर, गाठ, शिवण आणि झाड यांच्यावर जवळपास सहापट भार पडला. त्यात कोणी धपकन बसलं किंवा झोके घेतले तर तो आणखी वाढतो. बाजारातल्या पट्ट्यावर ‘२०० किलो’ लिहिलेलं असतं, ते वाचून लोक निर्धास्त होतात आणि १० अंशांत ताणून बांधतात.

शिवाय ताणलेला झुला सुखाचाही नसतो. त्याच्या कडा खांद्यांवर दाबतात, तो अस्थिर होतो आणि माणूस बाहेर फेकला जातो.

३० अंश मोजायचा सोपा मार्ग: हाताची बंदूक करा, अंगठा आणि तर्जनी काटकोनात. तर्जनीचं टोक आणि अंगठ्याचं टोक यांना जोडणारी तिरकी रेषा दोराला समांतर धरून, तर्जनी आडवी ठेवून पाहा. दोर साधारण त्याच उताराचा दिसला की झालं. रिकामा झुला छान हसल्यासारखा खाली वाकलेला दिसायला हवा.

८. दोन झाडांत अंतर किती हवं? आणि पट्टा किती उंचावर?

१२ ते १५ फूट अंतर उत्तम. ११ फुटी झुला ३० अंशांत बांधला आणि बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फूट, म्हणजे खुर्चीच्या उंचीवर हवं असेल, तर १३ फूट अंतराला पट्टा सुमारे पावणेसहा फुटांवर येतो, १५ फूट अंतराला सव्वासहा आणि १८ फूट अंतराला सातच्या थोडा वर. म्हणजे झाडं जितकी दूर, तितका पट्टा वर. दूरच्या झाडांना कमी उंचीवर बांधायला गेलं की दोर ताणावाच लागतो आणि प्रश्न ७ मधला धोका उभा राहतो.

दहा फुटांपेक्षा कमी अंतर असेल तर पूर्ण झुला नको, एका जागी लटकणारी जाळीची खुर्ची घ्या. ती वरच्या एकाच आधाराला बांधतात.

जमीन उताराची असेल तर पट्टे जमिनीपासून सारख्या उंचीवर नव्हे, एकमेकांशी समपातळीत हवेत. पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी धरून ते पाहता येतं. पायाकडची बाजू वीतभर वर ठेवली तर रात्री खाली घसरायला होत नाही.

९. दोर कोणता वापरावा, गाठ कोणती मारावी? घरात काथ्याचा दोर आणि गुरांची दावी आहेत.

काथ्याचं सुंभ, वाखाचा दोर, वापरलेलं दावं यांवर माणूस टांगू नका. बाहेरून ठणठणीत दिसतात, आतले पदर कुजलेले असतात. युकातानमध्ये झुलेच पूर्वी घायपाताच्या जातीच्या हेनेकेन या वनस्पतीच्या तंतूंचे विणत हे खरं, पण तो नवा आणि त्याच कामासाठी वळलेला दोर असे.

झाडाभोवती पॉलिएस्टरचा पट्टा घ्या. नायलॉन भाराखाली लांबतं, आणि भिजलं की अधिकच, त्यामुळे संध्याकाळी दीड फुटावर असलेली पाठ पहाटे जमिनीला टेकते. पट्ट्याच्या एका टोकाला शिवलेला फासा असतो. खोडाला वेढा घालून दुसरं टोक त्यातून ओवायचं. मग झुल्याचा फासा आणि पट्टा लोखंडी कडीने जोडायचा. कडीवर भारमर्यादा छापलेली असावी. किल्ल्यांना लावतात ती अॅल्युमिनियमची कडी चालत नाही.

गाठच मारायची असेल तर निरगाठ मारू नका. भार पडला की ती दगडासारखी होते आणि शेवटी दोर कापावा लागतो. दोन-तीन वेढे घेऊन सुरगाठ मारा, आणि उरलेल्या टोकाची अर्धी गाठ तिच्यामागे राखणीला ठेवा. पहिल्यांदा बसताना आधी हातांनी दाबा, मग हळूहळू वजन टाका.

१०. माझी पाठ धनुष्यासारखी वाकते. झोपायची काही वेगळी पद्धत आहे का?

आहे. झुल्याच्या मधोमध लांबीत न झोपता तिरकं झोपायचं. आधी मध्यावर बसा, पाय वर घ्या, मग डोकं एका कडेला आणि पाय विरुद्ध कडेला सरकवा. मध्यरेषेपासून साधारण ३० अंश. कापड पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट होते. मेक्सिकोतले लोक मोठ्या जाळीत तर जवळजवळ रुंदीच्या दिशेने आडवेच झोपतात. हे जमायला सैल बांधणी आणि पुरेशी लांबी-रुंदी हवी, म्हणून प्रश्न ३ आणि ७ आधी.

गुडघे उलटे ताणल्यासारखे वाटले तर खाली छोटी उशी घ्या. मानेखाली मात्र जाड उशी लागत नाही.

११. एकच झाड आहे. दुसरं टोक भिंतीला, गच्चीच्या खांबाला किंवा टाकीच्या ओट्याला बांधलं तर?

आरसीसी कॉलममध्ये जाणकाराकडून बसवून घेतलेला अँकर चालतो. विटांच्या खांबाला कधीही नाही, मग तो कितीही जाड असो. विटांचा खांब वरचा भार पेलतो, आडवी ओढ पेलत नाही. ३० अंशांतही ७० किलोंच्या माणसाची आडवी ओढ ६० किलोंच्या आसपास असते. खांब कोसळतो तो झोपलेल्याच्या अंगावरच. गच्चीचा कठडा, गेटचा खांब, पाण्याच्या टाकीखालचे विटांचे पाये यांनाही हेच लागू.

परसात जमिनीत खांब पुरायचा असेल तर तो निदान तीन फूट खोल, काँक्रीटमध्ये आणि झाडापासून बाहेरच्या बाजूला किंचित कललेला हवा.

१२. रात्रभर झोपता येईल का? डास आणि थंडीचं काय?

उन्हाळ्यात सहज. थंडीत लोक चकतात ते खालच्या गारव्याने. जाडजूड पांघरूण घेतलं तरी पाठीखालचा भाग वजनाने दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि खालून वारा लागतो. डिसेंबर-जानेवारीत जुन्नर किंवा महाबळेश्वरकडे असाल तर पाठीखाली फोमची चटई किंवा घोंगडं घ्या. झुल्याच्या खाली, त्याला न दाबता, सैल लटकवलेली रजई सर्वांत चांगली.

डास कापडातूनही चावतात, म्हणून झुल्याभोवती सगळीकडून बंद होणारी जाळी हवी. डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारच्या डुलकीलाही ती लावा.

१३. झुलत झोपल्याने झोप चांगली लागते हे खरं की नुसतं म्हणतात? पाठदुखी असेल तर?

झुलण्याचा परिणाम खरा आहे. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये १२ पुरुषांना हळूहळू डुलणाऱ्या पलंगावर ४५ मिनिटं दुपारची झोप घ्यायला लावली. स्थिर पलंगापेक्षा त्यांना लवकर झोप लागली आणि ती अधिक गाढ होती. मात्र तो पलंग होता, हॅमॉक नव्हता, आणि माणसं थोडी होती.

पाठदुखीवर झुला हा इलाज आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काहींना आराम पडतो, काहींचं दुखणं वाढतं. मणक्याचा आजार, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील तर डॉक्टरांना विचारा. झोपण्याइतकीच उठण्याची धडपडही इथे मोजायची असते. आजी-आजोबांसाठी झुला थोडा उंच, गुडघ्याच्या किंचित वर बांधावा आणि हाताशी धरायला काहीतरी असावं.

१४. बाळाला हॅमॉकमध्ये झोपवलं तर चालेल? आमच्याकडे झोळी पूर्वापार आहे.

नाही, एकट्याने अजिबात नाही. तान्ह्या बाळाची मान अजून धरलेली नसते. वाकलेल्या कापडात हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. कूस वळली तर नाक कापडात रुतू शकतं. बालरोगतज्ज्ञ सपाट, घट्ट अंथरुणावर पाठीवर झोपवायला सांगतात ते याचसाठी. शेतात झोळीशिवाय पर्याय नसलेल्या आयांना हे दोष देऊन सांगायचं नाही. सतत कोणाची तरी नजर असणं हाच त्या पद्धतीचा आधार आहे. घरी पर्याय असताना तो धोका घेऊ नये.

थोड्या मोठ्या मुलांना जाळीचा धोका वेगळा. बारीक जाळी पिळून मानेभोवती आवळली जाते. मुलांच्या अशाच अपघातांमुळे अमेरिकेत १९९६ मध्ये छोटे, दांडी नसलेले जाळीचे झुले मोठ्या संख्येने बाजारातून परत बोलावले गेले. मुलं असलेल्या घरात कापडी झुला घ्या, मोठं माणूस जवळ असल्याशिवाय चढू देऊ नका, आणि खेळ संपला की काढून ठेवा. रिकामा टांगलेला झुला मुलांना बोलावतोच.

१५. दोघं एकत्र झोपू शकतो का? मुलं उभी राहून झोके घेतात, ते चालेल का?

दोघांसाठी विणलेला रुंद झुला असेल तर हो. युकातानमध्ये एकट्याचा, जोडप्याचा आणि अख्ख्या कुटुंबाचा अशी मापंच आहेत. दोघांच्या वजनाची बेरीज करून प्रश्न ७ चं गणित पुन्हा करा. उभं राहून झोके नाहीत. त्यासाठी झोपाळा आहे. एकाच्या डोक्यावर दुसरा झुलाही टांगू नका.

१६. पावसाळ्यात काय करायचं?

बाहेरचा झुला मेअखेर काढून, वाळवून ठेवा. सुताला बुरशी लागायला कोकणात दोन दिवस पुरतात. पावसात वापरायचाच असेल तर नायलॉनचा घ्या आणि वर ताडपत्री तिरकी ताणा. तरीही पाणी खोडावरून पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून थेट तुमच्या पाठीखाली येतं. त्यावर साधा उपाय: झुल्याच्या अलीकडे पट्ट्याला एक वीतभर सुतळी बांधून लोंबती सोडा. पाणी तिच्यावरून खाली ठिबकतं.

वळवाचे ढग जमले आणि गडगडाट ऐकू आला की पाऊस पडण्याची वाट न पाहता झाडाखालून उठा आणि पक्क्या घरात जा. वीज झाडावर पडली तर त्याला बांधलेल्या झुल्यातल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

१७. जंगलात, गडावर किंवा देवराईत झुला बांधला तर चालतो का?

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. खाजगी आमराईत मालकाला विचारा. कलमांच्या बागेत ठेंगणी झाडं आणि मोहोर यांचं नुकसान होतं, म्हणून नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. देवराईत काटकीसुद्धा मोडायची नाही असा गावाचा रिवाज असतो. तिथे झुला टांगायचाच नाही. गडावर जुन्या कमानींना, दगडी खांबांना, तोफांना दोर बांधू नका.

बांधण्याआधी खोडावर मुंग्यांची रांग आहे का ते पाहा. पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या आंब्या-काजूवर असतात आणि पट्ट्याचा रस्ता करून थेट झुल्यात उतरतात. अशा वेळी झाड बदला. औषध फवारू नका. त्या मुंग्या झाडावरची कीड खातात.

१८. धुवायचा कसा?

सुती जाळी मशीनमध्ये टाकलीत तर तिचा गुंता सोडवण्यात आठवडा जाईल. दोन्ही टोकांचे फासे एकत्र बांधून घ्या, मोठ्या बादलीत थंड पाणी आणि सौम्य साबणात बुडवा, हाताने दाबा, पिळू नका. सावलीत टांगूनच वाळवा.

१९. जाळीतले दोन-तीन धागे तुटले आहेत. फेकून द्यावा का?

मधल्या जाळीतले असतील तर नाही. तेवढ्याच जाडीचा सुती धागा घेऊन तुटलेली टोकं घट्ट बांधा आणि शेजारच्या घरांतून ओवून घ्या. भोक वाढायच्या आत केलंत तर झुला पुढे अनेक वर्षं चालतो. कडेचा जाड दोर किंवा टोकाच्या फाश्याजवळचे दोर झिजले असतील तर मात्र तो त्याच दिवशी उतरवा. तिथे डागडुजी करून माणूस झोपवायचा नसतो. जाणकार विणकर टोकाचा सगळा संच नवा बसवून देत असेल तर उत्तम.

तेही शक्य नसेल तर सुती जाळी परसात कारल्या-दोडक्याच्या वेलाला मांडव म्हणून ताणा. नायलॉनची जाळी उघड्यावर टाकू नका, साप आणि पक्षी तिच्यात अडकून मरतात. तिचे कात्रीने तुकडे करूनच कचऱ्यात द्या.